भीतीच्या दिवसांत स्वच्छता विकताना

२०२० चा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा आठवा. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये कोरोनाचा एखादा रुग्ण सापडला, मजला सील झाला, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच कोणीतरी सॅनिटायझेशनची जाहिरात टाकायचे. चौरस फुटाला अमुक रुपये, लिफ्ट आणि जिना त्यातच, काम झाल्यावर ‘विषाणूमुक्त परिसर’ असे प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी पीपीई किट घातलेली पोरे पाठीवर पंप अडकवून येत आणि कठडे, दारे, लिफ्टची बटणे, पार्किंगमधल्या गाड्या, कुंपणाची भिंत असे दिसेल त्यावर फवारत. क्लोरीनचा वास दिवसभर रेंगाळायचा. त्या वासानेच माणसांना धीर यायचा. या फवारणीने नेमके काय साधले, हे विचारण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोणी नव्हते.

तो प्रश्न आता शांतपणे विचारायला हवा, कारण साथी येतच राहणार आहेत. स्वच्छतेची सेवा विकणे हा गरजेचा आणि प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे, साथीत तर त्याची गरज वाढते. प्रश्न आहे तो सेवा कोणत्या शब्दांत विकली जाते याचा. घाबरलेल्या माणसाला काय सांगून त्याच्याकडून पैसे घ्यावेत आणि काय सांगून घेऊ नयेत?

यात एक मूळची अडचण आहे आणि ती समजली की पुढचे बरेच उलगडते. कांदा आपण हातात घेऊन, दाबून, वास घेऊन विकत घेतो. खानावळीतले जेवण कसे आहे ते जेवल्यावर कळते. काही सेवा मात्र अशा असतात की त्या घेतल्यानंतरही त्यांचा उपयोग झाला की नाही हे घेणाऱ्याला कळत नाही. विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून त्याच्याकडे मार्ग नसतो. डार्बी आणि कार्नी या अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये या तिसऱ्या प्रकाराचा विचार मांडला आणि गाडीची दुरुस्ती, वैद्यकीय उपचार अशा व्यवहारांत फसवणुकीला जागा का राहते ते दाखवले. निर्जंतुकीकरण अगदी याच वर्गात बसते. विषाणू फवारणीपूर्वी दिसत नव्हता, नंतरही दिसत नाही. पुढच्या पंधरवड्यात इमारतीत कोणी आजारी पडले नाही, तर फवारणीने वाचलो म्हणायचे. पडले, तर तो बाहेरून घेऊन आला म्हणायचे. ग्राहकाचा अनुभव त्याला कधीच शहाणा करत नाही. म्हणून खरे बोलण्याची जबाबदारी इथे जवळजवळ पूर्णपणे विकणाऱ्यावर येते. ‘ग्राहकाने स्वतः चौकशी करायला हवी होती’ हा बचाव इतर धंद्यांत थोडाफार चालतो, या धंद्यात चालत नाही.

आता विज्ञानाकडे. विक्रेत्याला दोष देण्यापूर्वी त्या त्या वेळी काय माहीत होते हे पाहणे न्यायाचे आहे. १७ मार्च २०२० ला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झाले. प्लास्टिकवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकलेला प्रयोगशाळेत आढळला होता. ही बातमी जगभर पसरली, लोक भाजी आणि दुधाच्या पिशव्या धुऊ लागले. त्या आठवड्यांत जो सेवा विकणारा म्हणाला, ‘दाराचे हँडल, लिफ्टचे बटण पुसून घ्या’, त्याने काहीही चूक केली नाही. माहिती अपुरी होती आणि सावधगिरी योग्य होती.

पण जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये लिहिले की पृष्ठभागांवरून संसर्ग होण्याचा धोका फुगवून सांगितला जात आहे. प्रयोगांत पृष्ठभागावर जितके विषाणू मुद्दाम सोडले होते, तितके एखाद्याच्या खोकल्यातून तिथे पडण्याची शक्यता प्रत्यक्षात फार कमी, हा त्यांचा मुद्दा. विषाणू हवेतून पसरतो याचे पुरावे साठत गेले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. घरात प्रत्यक्ष रुग्ण असेल तर त्याच्या आसपासचे पृष्ठभाग निर्जंतुक करण्याचा सल्ला कायम राहिला. इतर ठिकाणी बहुतेक वेळा साबण-पाण्याची नेहमीची स्वच्छता पुरेशी ठरली.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे हे यातले मोठे उदाहरण. चोवीस तास धावण्याचा जिला अभिमान, ती रेल्वे ६ मे २०२० पासून डबे निर्जंतुक करण्यासाठी रोज रात्री बंद ठेवली जाऊ लागली. पूर्ववत चोवीस तास सेवा सुरू व्हायला १७ मे २०२१ उजाडला. रात्री बस शोधत फिरणाऱ्या, पाळीत काम करणाऱ्या माणसांनी त्याची किंमत मोजली. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता लोकांना दिलासा देते आणि हवा खेळती ठेवण्याचे न दिसणारे काम मागे पडते. आपल्या सोसायट्यांतही हेच झाले. फवारणीवर हजारो रुपये गेले, पण बंद जिन्याच्या खिडक्या उघडाव्यात, क्लबहाऊसमधला एक्झॉस्ट पंखा दुरुस्त करून घ्यावा, असे किती समित्यांना सुचले? सुचवणारा विक्रेताच नव्हता, कारण उघडी खिडकी विकता येत नाही.

म्हणून माझ्या मते दोष मार्च २०२० च्या जाहिरातींचा नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेतही ज्यांनी कुंपणाच्या भिंतीवर फवारणी करायचे पॅकेज ‘संपूर्ण सुरक्षा’ म्हणून विकले, त्यांचा आहे. ज्ञान बदलले आणि जाहिरात बदलली नाही, तिथे अज्ञान संपते आणि फसवणूक सुरू होते.

या काळातला सर्वांत धोक्याचा माल म्हणजे निर्जंतुकीकरणाचा बोगदा. बाजार, कार्यालये, पोलीस ठाणी यांच्या दारात असे मांडव उभे राहिले. त्यातून चालत गेले की अंगावर रसायनाचा फवारा. बहुतेक ठिकाणी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे फरशी आणि मोऱ्यांसाठी वापरायचे द्रावण. मार्चअखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर फवारणी झाली, तेव्हा देशभर संताप उसळला होता. तरीही बोगदे विकले जात राहिले. १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केले की माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणे शारीरिक आणि मानसिकदृष्ट्या अपायकारक आहे आणि ते करू नये. शरीरात शिरलेल्या विषाणूला बाहेरच्या फवाऱ्याने काही होत नाही. डोळे, त्वचा आणि श्वसनमार्ग मात्र होरपळतात. १५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितले आणि रस्ते, बाजार यांसारख्या उघड्या जागी फवारणीचीही शिफारस करत नसल्याचे नमूद केले. अखेर ५ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या बोगद्यांवर बंदीची पावले महिन्याभरात उचलायला सांगितले. मंत्रालयाची सूचना आणि न्यायालयाचा आदेश यांच्यामध्ये साडेसहा महिने गेले. त्या साडेसहा महिन्यांत ज्यांनी बोगदा विकला, त्यांना सरकारी सूचना वाचायला मिळाली नव्हती असे मानणे कठीण आहे.

‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ या आकड्याबद्दलही थोडे थांबून बोलायला हवे. दहा लाख जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले तरी हजार उरतात. ते ठीक आहे, एवढी घट उपयोगाचीच असते. पण हा आकडा येतो तो प्रयोगशाळेतून. तिथला पृष्ठभाग टणक असतो, द्रावणाची तीव्रता ठरलेली असते आणि तो पृष्ठभाग ठरलेला वेळ ओला ठेवलेला असतो. काही रसायनांना एक मिनिट पुरते, काहींना दहा मिनिटे लागतात. आता मे महिन्यातला जिना डोळ्यांसमोर आणा. कठड्यावर धूळ आहे, तेलकट हातांचा थर आहे. क्लोरीनची ताकद आधी त्या मळावरच खर्च होते, म्हणून आधी साबणाने धुऊन मग जंतुनाशक लावायचे असते. वरून मारलेला बारीक फवारा उन्हात पाहता पाहता सुकतो. उन्हात आणि उष्णतेत ठेवलेले हायपोक्लोराइट तर डब्यातच कमजोर होत जाते. चांगला कामगार फडके भिजवून पुसतो, थांबतो, मग पुढे जातो. ते काम हळू होते, फोटोत उठून दिसत नाही. जाहिरातीत दिसतो तो धुरासारखा फवारा. एवढे होऊनही बटण निर्जंतुक राहते ते पुढचा खोकणारा माणूस त्याला हात लावीपर्यंत. तीस-तीस दिवसांच्या ‘सुरक्षेची’ प्रमाणपत्रे ज्यांनी छापली, त्यांनी अशा गोष्टीची हमी दिली जी त्यांच्या हातात नव्हती. आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागले की लोक मास्क खाली करतात, गर्दीचे हळदीकुंकू ठरवतात. खोट्या दिलाशाचे नुकसान पैशांपुरते राहत नाही.

काही दावे इतके उघड खोटे होते की पोलीसच आले. मार्च २०२० मध्ये ‘अँटी कोरोना’ गादीची १५ हजार रुपयांना विक्री करणारी जाहिरात एका गुजराती दैनिकात आली आणि भिवंडीच्या उत्पादकावर गुन्हा नोंदवला गेला. असे दावे पकडणे सोपे असते. अवघड असतात ते अर्धे खरे दावे.

त्याहून वाईट म्हणजे भीतीला माणसाचा चेहरा देणारी जाहिरात. मे २०२० मध्ये केंट कंपनीने कणीक मळण्याच्या यंत्राची एक जाहिरात केली. घरकाम करणाऱ्या बाईच्या हाताने कणीक मळून घेता का, तिचे हात संसर्गित असू शकतात, असा तिचा रोख होता. टीका झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि जाहिरात मागे घेतली. पण ती विषवल्ली एकट्या त्या जाहिरातीत नव्हती. ‘बाहेरचा माणूस नको, आमचे यंत्र घ्या’, ‘तुमच्या कामवाल्यांपेक्षा आमचे प्रशिक्षित कर्मचारी सुरक्षित’ असे सूर किती तरी पत्रकांत होते. प्रत्यक्षात त्या काळात वस्तीतून आलेल्या मावशींना सोसायट्यांनी महिनोन्‌महिने फाटकाबाहेर ठेवले, अनेकींचा पगार बुडाला. विषाणू विमानाने आला होता आणि संशय मात्र चाळीतून येणाऱ्या बाईवर घेतला गेला. स्वच्छता विकताना कोणाला तरी अस्वच्छ ठरवणे हा आपल्या समाजात जुना रोग आहे. आपल्याकडे अस्पृश्यतेचा इतिहास असताना जाहिरात लिहिणाऱ्याने याबाबत दुप्पट सावध असायला हवे. या ठिकाणी मला कोणतीही सवलत मान्य नाही.

मार्च २०२० मध्येच एक चांगली गोष्टही घडली आणि ती सांगायलाच हवी. हिंदुस्तान युनिलिव्हरने लाइफबॉयच्या नावाने जाहिरात दिली की हात धुण्यासाठी जवळ असेल तो साबण वापरा, मग तो लाइफबॉय असो की लक्स, डेटॉल, संतूर किंवा गोदरेज नंबर वन. यातला लक्स घरचाच, पण बाकीची नावे प्रतिस्पर्ध्यांची होती आणि ती पैसे देऊन छापली होती! शास्त्रही बरोबर होते. या विषाणूभोवतीचे मेदाचे आवरण कोणत्याही साबणाने विस्कटते, जास्त पैशाच्या साबणाने जास्त विस्कटत नाही. त्याच दिवसांत हीच कंपनी डेटॉल हँडवॉशच्या एका जाहिरातीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, वडीच्या साबणाला निरुपयोगी ठरवले जाते अशी तिची तक्रार होती आणि डेटॉलच्या कंपनीने ती जाहिरात महिनाभर थांबवण्याचे मान्य केले. त्यात धंद्याचे हिशेब होतेच. पण वडीचा स्वस्त साबण कुचकामी आहे असे गरीब घरांत पसरणे साथीत घातक ठरले असते, म्हणून तो थांबा लोकांच्या हिताचा ठरला. लाइफबॉय हा साबणच मुळी १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलऱ्याच्या भीतीच्या पार्श्वभूमीवर बाजारात आला होता. भीतीच्या काळात माल विकणे आणि खरे सांगणे या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात, याला एवढा पुरावा पुरे.

मुळात प्रत्येक साथीत पहिला प्रश्न असतो रोग कोणत्या वाटेने येतो हा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. नगरपालिकेने गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचे पाणी सोडले, घरांना चुना फासला, सामान जाळले. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. एवढी प्रचंड स्वच्छता मोहीम झाली, पण रोगाची वाट निराळीच होती.

वाट कळली की स्वच्छता किती मोलाची ठरते, हे पुण्याने अलीकडेच पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढले. संशय पाण्यावर होता आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. इथे टाकी धुणे, पाण्यात क्लोरीन पुरेसे आहे का ते पाहणे, पाणी उकळणे या गोष्टींना खरा अर्थ होता. टाकी धुणाऱ्या कंपन्यांची तेव्हा खरोखर गरज होती. पण गियाँ-बारे हा स्वतः संसर्गजन्य रोग नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणाच मज्जातंतूंवर उलटते, तो हा आजार. त्यामुळे ‘जीबीएसपासून संरक्षण’ असा दावा कोणी केला तर तो चुकीचाच. ‘टाकीतला गाळ काढू, आतून घासू, क्लोरीन टाकू, पण येणारे पाणीच दूषित असेल तर दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा दूषित होईल, म्हणून नळाच्या पाण्यातले क्लोरीन तपासून घ्या’ हे प्रामाणिक विक्रीचे वाक्य. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोरीनची किमान पातळी लिटरला ०.२ मिलिग्रॅम सांगितली आहे आणि ती तपासण्याचे किट स्वस्तात मिळते. दरवर्षीच्या डेंग्यूचेही तसेच. धूर उडणाऱ्या डासांना मारतो. कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर यांतल्या अळ्यांना त्याने काही होत नाही. नुसते फॉगिंगचे वार्षिक कंत्राट विकणारा आणि आधी गच्ची फिरून साचलेले पाणी ओतायला लावणारा, यांतला दुसरा माणूस जपून ठेवावा.

पंप पाठीवर घेणाऱ्या पोरांचा विचार मात्र जाहिरातीत कुठेच नसतो. दिवसाला आठ-दहा ठिकाणी हायपोक्लोराइट फवारायचे, मे महिन्याच्या उकाड्यात प्लास्टिकचे किट घालून. त्यांचा मास्क रसायनाच्या वाफा रोखणारा आहे का? क्लोरीनच्या द्रावणात ॲसिडयुक्त टॉयलेट क्लीनर मिसळला की विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे त्यांना कोणी शिकवले आहे का? ‘सुरक्षित’ हा शब्द पत्रकावर छापायचा असेल, तर तो काम करणाऱ्यालाही लागू व्हायला हवा.

कायदा यात काही प्रमाणात मदतीला येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याखालच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. सॅनिटायझरच्या किमतीला सरकारने मार्च २०२० मध्येच २०० मिलिलिटरला १०० रुपयांची मर्यादा घातली होती. फवारणीच्या सेवेला अशी मर्यादा नव्हती. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, लेटरहेडही नसलेल्या जाहिरातीपर्यंत प्राधिकरणाचा हात पोचणे अवघड आहे. तिथे पोचू शकतात फक्त सोसायटीचे सभासद.

तेव्हा पुढच्या साथीत कोटेशन मागवाल, तेव्हा त्या माणसाला विचारा की हा रोग कोणत्या वाटेने पसरतो आणि तुमचे काम त्यातली कोणती वाट बंद करते. रसायनाचे नाव, तीव्रता आणि किती मिनिटे ओले ठेवणार, हे लेखी घ्या. कामगारांना कोणती साधने देता ते विचारा. उत्तरात ‘१०० टक्के’ किंवा ‘विषाणूमुक्त’ आले तर कोटेशन बाजूला ठेवा. आणि जो म्हणेल की भिंतीवर फवारायची गरज नाही, तेवढे पैसे वाचवा आणि जिन्याच्या खिडक्या उघड्या ठेवा, त्याला काम द्या.